सगळं आधीच ठरलंय, तर अभ्यास कशाला?

"मॅडम, कॉलेजला सांगून ते तास आधी बंद करा. पोरगं हातचं चाललंय माझं."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेली ती आई. खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्या बोलल्या आणि पर्समधून चार घड्या घातलेली गुणपत्रिका काढून टेबलावर ठेवली. मुलगा अकरावी सायन्सला. कॉलेजातले एक सर शनिवारी जादा तास घ्यायचे: माणूस खरंच स्वतंत्र असतो का, आपण जगतो कशासाठी, अशा विषयांवर. दोन महिन्यांत मुलाने पुस्तकं मिटली. ओरडलं की एकच उत्तर, "सगळं आधीच ठरलंय, तर अभ्यास करून काय बदलणार?"

(दोघांना विचारून हे लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.)

मुलांच्या डोक्यात असलं काही भरवूच नये, असं अनेक पालकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. सोळा-सतराव्या वर्षी हे प्रश्न न शिकवताही पडतात. कुणी सोबत नसलं की ती रात्री मोबाइलवर उत्तरं शोधत बसतात.

मुलगा आला तो वाद घालायच्या तयारीनेच. १९८३ साली प्रसिद्ध झालेला मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा प्रयोग त्याला पाठ होता. मनाला येईल तेव्हा हात हलवायचा आणि तसं करावंसं कधी वाटलं ते घड्याळ पाहून सांगायचं. लोकांनी सांगितलेली वेळ हालचालीच्या साधारण ०.२ सेकंद आधीची होती, मेंदूतली तयारी मात्र अर्ध्या सेकंदाहून थोडी आधीच सुरू झालेली. "म्हणजे मेंदू ठरवतो, मला नंतर कळतं. ठरवणारा मी नाहीच."

त्याच्यापर्यंत गोष्ट अर्धीच पोचली होती. हालचाल ऐन वेळी रोखता येते, असं खुद्द लिबेट मानत. २०१२ मध्ये आरन शर्गर या मेंदूसंशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच तयारीचा वेगळा अर्थ मांडला: तो निर्णय नसेलही, मेंदूत सतत चालणाऱ्या चढउतारांचा तो परिणाम असू शकेल. शिवाय बोट हलवणं वेगळं आणि आयुष्याचं काही ठरवणं वेगळं. हे सांगितलं तर तो हट्टाने भांडला. मला बरं वाटलं. भांडणाऱ्या मुलात धुगधुगी असते.

मग मी त्याला ग्रीकांचा 'आळशी युक्तिवाद' सांगितला. आपल्या 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी'चाच तो भाऊ. बरं व्हायचं नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय, न बोलावला काय, रोगी बरा होणारच. नसेल तर बोलावूनही होणार नाही. मग बोलवायचा कशाला? नियती मानणाऱ्या क्रिसिपस या ग्रीक तत्त्वज्ञानेच हे खोडून काढलं. रोगी बरा होणं ठरलेलं असेल, तर वैद्याला बोलावणंही त्याच ठरलेल्यात आलं. एकाला सोडून दुसरं घडत नाही.

इतका वेळ त्याची नखं पाण्याच्या बाटलीवरचं लेबल सोलत होती. ती थांबली.

"मी बोलावलं नव्हतं," तो म्हणाला.

चार महिन्यांपूर्वी, दुपारची वेळ, घरी तो आणि आजोबा. आजोबा म्हणाले, छातीत जळजळतंय रे. याने लिंबू-सोडा करून दिला आणि पुन्हा गेम खेळायला बसला. त्याच रात्री आजोबा गेले. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. 'सगळं ठरलेलंच असतं' हे शनिवारच्या तासाला ऐकलं तेव्हा त्याला पहिल्यांदा झोप लागली होती. आणि तोच आधार मी काढून घेत होते.

'तुझा काही दोष नाही' असं मी म्हटलं नाही. असलं वाक्य मुलं ऐकून घेतात, धरत नाहीत. मी त्याला ॲरिस्टॉटलचं सांगितलं. नेमकं काय घडतंय हे ठाऊक नसल्यामुळे हातून जे होतं, आणि ज्याचा मागून पश्चात्ताप होतो, ते आपखुशीने केलेलं धरायचं नाही. पश्चात्ताप ही त्याची खूण. "तुला ते पित्त वाटलं होतं की हार्टअटॅक?" तो रडला. पुढच्या दोन भेटी आजोबांविषयीच बोललो. नियती बाजूलाच राहिली.

त्याच्या परवानगीने सरांशीही बोलले, आजोबांचं मात्र काही सांगितलं नाही. तळमळीने शिकवणारा माणूस. एवढंच सुचवलं की एक बाजू मांडली की दुसरी त्याच तासात यावी, आणि शेवटची दहा मिनिटं मुलांना बोलू द्यावं. त्यांनी ते मनावर घेतलं.

पालकांना एक सांगते. मूल भांडत असेल तर भांडू द्या. पण झोप उडाली, जेवण सुटलं, 'जगून काय उपयोग' असे शब्द तोंडी आले, तर त्याला तत्त्वज्ञान समजून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

चौथ्या भेटीला त्याने स्वतःहून आईला आत बोलावलं आणि त्या दुपारचं सगळं सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी कामावरून आले तेव्हा मलाही म्हणाले होते रे, जळजळतंय. मी मऊ भात टाकला."

तो उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला.