भाड्याची बाग आणि सुट्टीचे दोन दिवस

वाचकांचे प्रश्न : घर आणि अंगण

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. चार महिन्यांपूर्वी भाड्याने घेतलेल्या घरामागे साधारण पाच मीटर लांब आणि तीन मीटर रुंद अशी मोकळी जागा आहे. तिच्यात आज गुडघाभर तण, चेपून घट्ट झालेली माती, आधीच्या भाडेकरूने टाकून दिलेल्या सात-आठ कुंड्या आणि रंग उडालेला एक लाकडी बाक एवढेच आहे. घरमालकांनी “हवे ते लावा, पण जागा बिघडवू नका,” असे सांगितले आहे. येत्या शनिवार-रविवारी ही बाग निदान बघवेल इतकी करावी असे मनात आहे. परंतु त्याच दोन दिवसांत आठवड्याचे कपडे, स्वयंपाकघराची सफाई, बाजारहाट आणि बिलांची कामेही उरकायची असतात. मागच्या वेळी सकाळी बागेत शिरले ती थेट अंधार पडल्यावर बाहेर आले. बाग अर्धवट राहिली, घर तसेच पसरलेले राहिले आणि पुढचे दोन दिवस कंबर धरून बसले. सुरुवात नेमकी कुठून करावी?
– एक भाडेकरू वाचक

उत्तर : मागच्या वेळी आपला दिवस वाया गेला, तो कामाच्या प्रमाणामुळे नव्हे, तर बाग आणि घर अशी दोन खाती वेगळी ठेवल्यामुळे, असे मला वाटते. दोन्हीकडच्या कामांत प्रत्यक्ष हात चालवण्यापेक्षा थांबण्याचा वेळ अधिक असतो. कपडे यंत्रात फिरत असतात, माती पाणी मुरवत असते, रंग वाळत असतो. घरातल्या कामाचा थांबण्याचा वेळ बागेला आणि बागेतला घराला दिला, तर दोन दिवसांत पुष्कळ काही होते.

म्हणून सुरुवात शनिवारी सकाळी न करता शुक्रवारी रात्री करावी. झोपण्यापूर्वी तण माजलेल्या जागेला पाईपने किंवा झारीने सावकाश, खोलवर भिजेल इतके पाणी द्यावे. कोरड्या, घट्ट मातीतले तण ओढले की देठ हातात येतो आणि मूळ जागेवरच राहते. रात्रभर मुरलेल्या मातीतून तेच तण मुळासकट सुटते. सकाळी यंत्रात कपड्यांचा पहिला घाणा लावावा आणि ते थांबेपर्यंतच खुरपे चालवावे. यंत्राची शिट्टी ऐकू येताच उठायचे, कपडे वाळत घालायचे, दुसरा घाणा लावायचा आणि पुन्हा बसायचे. कंबरेलाही या उठबशीचा फायदाच होतो. ज्या तणाला तुरे किंवा बोंडे आली असतील ते आधी काढावे, कारण बी गळून पडले की तीच मेहनत पुढच्या कित्येक महिन्यांत पुन्हा पुन्हा करावी लागते.

एका तणाबाबत मात्र सावध राहावे. चकचकीत, तीन धारांच्या देठाचे लव्हाळे असेल, तर ते नुसते उपटून भागत नाही. जमिनीत त्याच्या लहान लहान गाठी एकमेकींना जोडलेल्या असतात. वरचा भाग तुटला की खालच्या गाठी नव्याने फुटतात. खुरप्याने खोल जाऊन गाठी उकराव्यात आणि पुन्हा वर आलेले पाते दिसताक्षणी काढत राहावे. ते एका रविवारी संपत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे.

आता संपूर्ण पंधरा चौरस मीटरची बाग या दोन दिवसांत फुलवण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. मागच्या दारातून किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून जो कोपरा रोज दिसतो, तेवढाच निवडावा. उरलेल्या जागेवरचे तण कापून त्यावर पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यांचे तुकडे अंथरावेत. चिकटपट्ट्या आणि पिना आधी काढाव्यात, तुकडे एकमेकांवर दहा-पंधरा सेंटीमीटर चढवावेत, पाण्याने चिंब भिजवावेत आणि वर पालापाचोळ्याचे पाच-सात सेंटीमीटर जाडीचे आच्छादन पसरावे. उजेड न मिळाल्याने खालचे बहुतेक तण मरते (लव्हाळे मात्र याला दाद देत नाही), पुठ्ठा हळूहळू कुजून मातीत मिसळतो आणि जमीन उकरलीही जात नाही. भाडेकरूसाठी याहून सोयीची युक्ती मला ठाऊक नाही.

निवडलेल्या कोपऱ्यात जमिनीत काही लावण्यापेक्षा कुंड्यांवर भर द्यावा. जमिनीत रुजलेले झाड बहुतेक ठिकाणी त्या जागेचाच भाग मानले जाते आणि घर सोडताना ते उपटून नेणे करारालाही शोभत नाही, झाडालाही सोसत नाही. मी स्वतः एका भाड्याच्या घरात कुंपणाशी मधुमालती लावली होती. दोन वर्षांत ती दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत गेली, आणि तिसऱ्या वर्षी आम्ही घर बदलले. निघताना हातात आले ते फक्त चार फांद्यांचे तुकडे, आणि त्यांतला एकच जगला. तेव्हापासून भाड्याच्या जागेत जे उचलता येते त्यावरच मी खर्च करतो.

आधीच्या भाडेकरूच्या कुंड्या टाकून देऊ नयेत. जुनी माती काढून त्या घासून धुवाव्यात. मातीच्या कुंड्यांवर पांढरे क्षार जमले असतील, तर पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन ताठ ब्रशने घासावे. रोगट झाड मेलेल्या कुंडीसाठी एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी या द्रावणात दहा मिनिटे बुडवून ठेवणे पुरेसे असते. पण ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नयेत, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. कुंडी बुडवून ठेवली की आत जाऊन ओटा पुसून यावा. हे शनिवार दुपारपर्यंत सहज होते.

बाकाचेही काम शनिवारीच काढावे, कारण त्याला वाळायला वेळ हवा. बाक घरमालकांचा असेल, तर रंगवण्यापूर्वी त्यांना एक संदेश पाठवून होकार घ्यावा. काचकागदाने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासावे, ओल्या फडक्याने धूळ टिपावी आणि बाक कोरडा झाल्यावर बाहेरच्या वापराचा, पाण्यात मिसळणारा रंग द्यावा. दुसरा हात किती तासांनी द्यायचा ते डब्यावर लिहिलेले असते, आणि तेवढ्या तासांत बाजारहाट होतो. त्याच फेरीत रोपवाटिकेतून रोपेही आणता येतील.

रोपवाटिकेत सर्वांचेच पाय भरगच्च फुललेल्या रोपापाशी थबकतात. मी आपल्याला त्याच्या शेजारचे, कळ्यांनी भरलेले आणि एक-दोनच फुले उमललेले रोप घ्यायला सांगेन. फुललेल्या रोपाचा बहर प्रवासात आणि नव्या जागी गेल्यावर पुष्कळदा गळून जातो. कळ्यांचे रोप आपल्याकडे येऊन फुलते. पिशवीच्या तळाच्या छिद्रातून मुळांचा झुपका बाहेर आला असेल, तर ते रोप फार दिवस अडकून पडले आहे असे समजावे. दहा जातींची एकेक रोपे आणण्यापेक्षा दोन-तीन जातींची प्रत्येकी तीन-चार रोपे आणावीत. सुट्या सुट्या रंगांपेक्षा एका रंगाचा पुंजका लांबून उठून दिसतो. कुंड्यांचेही तसेच आहे. बारा लहान कुंड्यांपेक्षा तीन मोठ्या कुंड्या बऱ्या. लहान कुंडी उन्हात काही तासांत वाळते आणि आठवडाभर कामावर जाणाऱ्या माणसाला ते झेपत नाही.

रंग निवडताना आपण बाग कोणत्या वेळी पाहता याचा जरूर विचार करावा. दोघेही नोकरी करता, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस बाग दिसते ती दिवेलागणीला. संधिप्रकाशात आपल्या डोळ्यांची संवेदनशीलता निळ्या-हिरव्या रंगांकडे सरकते आणि लाल रंग सर्वांत आधी काळवंडतो. पुर्किन्ये या शरीरशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये ही गोष्ट टिपली होती आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दुपारी झगमगणारा लालभडक जिरेनियम संध्याकाळी सात वाजता काळा ठिपका होतो. शेजारची पांढरी सदाफुली आणि फिकट पिवळा झेंडू मात्र अंधार पडेपर्यंत दिसत राहतात. म्हणून आपल्या कोपऱ्यात पांढरा आणि फिकट पिवळा हेच मुख्य रंग ठेवावेत. लाल हवाच असेल, तर रविवारच्या सकाळपुरता एका कुंडीत.

लागवड रविवारी ऊन उतरल्यावर करावी. बागेतली माती, पूर्ण कुजलेले खत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घेतले, तर फुलझाडांना चालते. कोकोपीटची वीट शनिवारी रात्रीच बादलीत भिजत घालावी, सकाळी ती कितीतरी पटींनी फुगलेली असते. कुंडीच्या तळाशी खडी घालण्याची पद्धत आपण अनेकांकडे पाहिली असेल. तिने निचरा सुधारत नाही, उलट पाणी थांबण्याचा थर मुळांच्या जवळ येतो. खात्री करायची असेल, तर भांडी घासायचा स्पंज चिंब भिजवून आडवा धरावा. ठिबकणे थांबले की तोच उभा करावा, आणि तो पुन्हा ठिबकू लागतो. म्हणजेच उंची कमी असली की पाणी अधिक अडून राहते. खडीमुळे मातीच्या थराची उंची कमी होते, आणि बारीक माती पूर्ण भिजल्याखेरीज तिच्यातले पाणी खडीत उतरत नाही. तळाचे छिद्र मोकळे असणे हेच खरे, आणि त्यावर जाळीचा तुकडा ठेवला की माती वाहून जात नाही.

रोप पिशवीतून काढताना मुळे गड्ड्याभोवती गोल फिरलेली दिसली, तर बोटांनी हलकेच मोकळी करावीत. रोप पिशवीत जितके खोल होते तितकेच कुंडीत असावे. पाणी तळातून बाहेर येईपर्यंत द्यावे आणि पहिले दोन-तीन दिवस कुंडी कडक उन्हातून बाजूला ठेवावी. पुढे रोज ठरलेल्या वेळी पाणी घालण्याऐवजी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर झारी परत ठेवावी.

आणखी एक गोष्ट आहे. काम सुरू करण्यापूर्वी आजच्या बागेची, विशेषतः भिंती, फरशी आणि कुंपण यांची छायाचित्रे काढून घरमालकांना पाठवून ठेवावीत. पुढे अनामत रकमेचा प्रश्न निघाला, तर तारखेसह काढलेली ही छायाचित्रे बोलतात.

प्रश्न : आमच्या भाड्याच्या बागेची मागची भिंत फारच भकास आहे. तिला खिळा मारायची परवानगी नाही. आयव्हीसारखा आपोआप चिकटणारा वेल सोडला तर चालेल का?
– एक वाचिका

उत्तर : चालणार नाही, आणि नेमके त्याच्या चिकटण्यामुळेच. आयव्ही देठातून फुटणाऱ्या बारीक मुळांनी भिंत धरते. तिला ओढून काढले की रंगाचे पोपडे निघतात आणि मुळांचे तपकिरी ठसे मागे राहतात. भिंतीला चिरा असतील, तर ती मुळे त्यांत शिरतात. भाडेकरूने हे ओझे अंगावर घेऊ नये.

त्याऐवजी एक लांबट, जड पेटी-कुंडी घ्यावी, तिच्यात बांबूची किंवा लाकडी जाळी तळापर्यंत उभी रोवावी आणि मग माती भरावी, म्हणजे मातीच्या वजनानेच जाळी उभी राहते. भिंतीपासून साधारण पंधरा सेंटीमीटर अंतर सोडल्यास हवा खेळते आणि भिंतीला ओल धरत नाही. जाळी माणसाच्या उंचीपेक्षा फार वर नेऊ नये, कारण पानांनी भरलेली जाळी शिडासारखी वारा धरते. वेल तंतूंनी किंवा वेटोळे घालून चढणारा हवा. गोकर्ण आणि गणेशवेल दोन्ही बियांपासून लवकर वाढतात. गोकर्णाचे बी कठीण कवचाचे असते; काचकागदावर दोन-तीनदा घासून रात्रभर पाण्यात ठेवले, तर उगवण बरी होते.

प्रश्न : सहा महिन्यांनी घर सोडायचे आहे. बागेत पैसे घालावेत की नाही, या विचारात आहे.
– एक वाचक

उत्तर : सहा महिने म्हणजे हंगामी फुलांचे दोन बहर. झिनियाचे बी पोषक हवेत आठवड्याभरात उगवते आणि सुमारे दोन महिन्यांत फुलते. बियांच्या एका पुडीपुरता आणि दोन चांगल्या कुंड्यांपुरता खर्च जरूर करावा. फरशी, वाफ्याच्या कडा, हिरवळीचे गालिचे यांवर मात्र करू नये.

जी बहुवर्षायू झाडे जमिनीत आहेत, त्यांच्या फांद्या घर सोडण्याच्या दीड-दोन महिने आधी लावून ठेवाव्यात. दहा-पंधरा सेंटीमीटरचा, फुले नसलेला तुकडा गाठीच्या किंचित खाली कापावा, खालची पाने काढावीत आणि एक तरी गाठ मातीत जाईल असा खोचावा. कोलियससारख्या मऊ देठाच्या झाडांना तर पाण्याच्या बाटलीतही मुळे फुटतात. ती दोन-तीन सेंटीमीटर झाली की लगेच मातीत हलवावीत, त्याहून लांब वाढू दिली तर मातीत रुळायला अधिक वेळ घेतात. सामान हलवायच्या दिवशी कुंड्यांना सकाळी पाणी घालू नये, आदल्या दिवशी घालावे. एक लिटर पाण्याचे एक किलो वजन होते, आणि ते उचलणार आहात आपणच.