दूध उशिरा आलं म्हणजे दूध नाही असं नसतं

प्रश्न: मी गुहागरची, वय २७, पहिलटकरीण. सातव्या महिन्यात शुगर निघाली, मी अगदी काटकुळी, तरी कशी काय? सिझर झालं, दूध पाचव्या दिवशी आलं, तोवर डब्याचं दिलं ते अजून चालूच आहे, बाळ तीन आठवड्यांचं झालंय. आई म्हणते तुझ्या रक्तात साखर, तुझं दूध बाळाला बाधेल. अमेरिकेतली नणंद म्हणते अंगावरच पाज, पुढचा डायबिटीस टळतो. पण ते तिकडच्या गोऱ्या बायकांचं ना, आपल्याला लागू होतं का?

उत्तर: ताई, आधी आईंना सांगा, दूध बाधत नाही. दुधातली गोडी लॅक्टोजची, तो स्तनातच तयार होतो आणि तुमची शुगर थोडी वरखाली झाली तरी जवळपास तेवढाच राहतो. उलट रोज पाऊण लिटर दूध व्हायला तुमच्याच रक्तातली ५० ग्रॅमच्या आसपास साखर कामी येते. इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिनच्या शुगरच्या गोळ्या चालू असतील तरी पाजायला हरकत नाही.

नणंदेचं खरं आहे. कॅलिफोर्नियात २००८ ते २०११ मध्ये गरोदरपणी शुगर झालेल्या १,०३५ बायका एका अभ्यासात घेतल्या, त्यातल्या बहुतेक गोऱ्या नव्हत्याच, लॅटिना म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या होत्या, आशियाई होत्या, काळ्या होत्या. दोन महिन्यांपेक्षा जास्त पाजलेल्यांना पुढच्या दोन वर्षांत डायबिटीस होण्याचा धोका निम्म्याच्या आसपास आला, तोही वंश नि वजन हिशेबात धरून. २०१८ चा दुसरा अभ्यास ३० वर्षं चाललेला, काळ्या आणि गोऱ्या बायकांचा, सहा महिने किंवा जास्त पाजलेल्यांना धोका ४७ टक्के कमी, दोघींनाही सारखाच फायदा. आपल्याला तर याची जास्तच गरज आहे, कारण भारतीय बाईला कमी वजनातही शुगर होते, पोटाच्या आतली चरबी बाहेरून दिसत नाही, म्हणून आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की सावध व्हायचं. तुम्ही काटकुळ्या असून झाली ती तुमची चूक नाही हो.

तिकडे काळ्या बायका कमी पाजतात, पण ते अंगात काही उणं असतं म्हणून नाही, लवकर कामावर जावं लागतं आणि हॉस्पिटलातच डबा हातात पडतो म्हणून. आपल्या काजू फॅक्टरीतल्या बायकांचं तरी काय वेगळं आहे?

शुगर आणि सिझर असलं की पान्हा दोनेक दिवस उशिरा फुटतो, हे बाळंतिणीला आधी कोणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्या दिवसांत पिवळसर चिकट चीक चमचाभरच निघतो, पण बाळाची शुगर खाली जाऊ नये म्हणून तोच पहिल्या तासापासून पाजायचा असतो. डॉक्टरांनी गरज म्हणून थोडं वरचं दिलं असेल तर ठीक, पण ते सवय म्हणून चालू ठेवू नका. आता दर दोन-तीन तासांनी आधी अंगावर घ्या, रात्रीही, डब्याचं हळूहळू कमी करा आणि आशाताईंकडून वजन बघत राहा. शू कमी झाली किंवा बाळ मलूल वाटलं तर तडक डॉक्टर.

डिंकाचे लाडू रोज दोन-दोन नकोत, त्यात गूळ फार. कुळथाची पिठी, मुडदुशांचं सार, शेवग्याचा पाला पोटभर खा, भात थोडा कमी.

आणि दीड महिन्याची लस असेल त्याच दिवशी स्वतःची शुगर तपासा, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देऊन करतात ती. उपाशीपोटी जायचं आणि दोन तास बसावं लागतं, तेव्हा बाळाला तिथेच पाजायची तयारी ठेवा आणि आईंना सोबत न्या.