सरकारी आपत्कालीन सूचनांपैकी खरंच काय करायचं, आणि सुरुवात कुठून?

यादी वाचूनच दडपण आलं, एवढं सगळं करावं लागतं का, असं तुम्ही विचारलंय. माझा सल्ला जरा उलटा आहे: त्या सूचना मागून पुढे वाचा. बहुतेक जण पिशवीच्या यादीपाशी थांबतात. टॉर्च, शिट्टी, बॅटऱ्या घेतल्या की झाली तयारी! ‘आपत्ती ओसरल्यावर’ हा भाग कुणी उघडतच नाही. मीही उघडला नव्हता.

आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं होतं. ओसरल्यावर पहिल्याच सकाळी आम्ही गाद्या, पुस्तकं, फुगलेलं कपाट बाहेर नेऊन टाकलं. दुपारपर्यंत कचऱ्याची गाडी ते घेऊनही गेली. विम्याचा माणूस आला तेव्हा दाखवायला फक्त ओल्या भिंती उरल्या होत्या. ‘साफसफाईआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा’ हे वाक्य घरातल्या पुस्तिकेत होतं, शेवटून दुसऱ्या पानावर. दाव्यातले निम्म्याहून कमी पैसे हाती आले.

घाई करावीशी वाटते त्यालाही कारण आहे. भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळल्या नाहीत तर बुरशी धरते. म्हणून क्रम असा: आधी फोटो, मग उपसाउपसी. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. जनरेटरबद्दल मात्र सांगतो. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे वादळातून वाचलेली माणसं नंतर घरातच गुदमरून गेल्याचे प्रकार घडतात. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर दूर हवा. गॅरेजचं दार उघडं ठेवून भागत नाही. वीज गेल्यावर फ्रिज न उघडता चार तास थंड राहतो, भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास. त्यापुढचं अन्न वास घेऊन किंवा चाखून ठरवू नका.

आता पिशवी. किती दिवसांचं साठवायचं यावर सरकारांचंच एकमत नाही: युरोपीय आयोगाने मार्च २०२५ मध्ये ७२ तास सांगितले, स्वीडन एक आठवडा सांगतं, जर्मनीची शिफारस १० दिवसांपर्यंत जाते. पाण्याचंही तसंच. अमेरिकेत माणशी रोज जवळपास चार लिटर, जर्मनीत दोन. अमेरिकेच्या हिशेबात पिण्यासोबत स्वच्छतेचं पाणीही धरलंय. या आकड्यांवर डोकं खाजवत बसू नका. मदतपथक आधी अडकलेल्यांकडे आणि आजाऱ्यांकडे जाणार, तोवर धडधाकट माणसाने आपलं आपण निभवावं, एवढाच त्यामागचा विचार. तीन दिवसांपासून सुरुवात करा. नेहमीची औषधं त्यात हवीतच, आणि सुटे पैसेही, कारण वीज नसली की कार्ड चालत नाही.

सगळ्यात कमी खर्चाची तयारी म्हणजे दुसऱ्या गावातला एक नातेवाईक ठरवून ठेवणं. गर्दीच्या वेळी फोन लागत नाही, पण साधा मेसेज बरेचदा जातो. घरातल्या प्रत्येकाने त्यालाच ‘सुखरूप आहे’ असं कळवायचं. त्याचा नंबर कागदावर लिहा. मला आजही बायकोचा नंबर पाठ नाही!

प्रत्यक्ष पुरात लक्षात ठेवायचं एवढंच: वाहतं पाणी १५ सेंटीमीटर खोल असलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलतं, आणि ६० सेंटीमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. रस्ता रोजचा आहे म्हणून पाण्यात गाडी घालू नका.

सुरुवात आज रात्रीच करा. घर कोरडं आहे, वस्तू जागच्या जागी आहेत, तोवर प्रत्येक खोलीचे, उघड्या कपाटांचे, महागड्या वस्तूंच्या पावत्यांचे फोटो काढा आणि त्याच नातेवाइकाला पाठवून ठेवा. पिशवी रविवारी भरली तरी चालेल.