संगणक-सल्ला : विंडोज ११ घेतल्यानंतरच्या अडचणी

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातील संगणकावर गेल्या आठवड्यात विंडोज १० ऐवजी विंडोज ११ घेतली. तेव्हापासून संगणक फार मंद चालतो आणि देखभाल शुल्काची बिले छापायला दिली तर प्रिंटरमधून कागदच येत नाही. लॅमिंग्टन रोडवरील दुरुस्तीवाल्यांच्या मते फॉरमॅट करण्यावाचून, म्हणजे डिस्क पुसून प्रणाली नव्याने टाकण्यावाचून, इलाज नाही. संस्थेचा सगळा हिशेब याच संगणकावर आहे.
– सचिव, मुलुंड

उत्तर : फॉरमॅट करू नका. हिशेबाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या संगणकावर उघडते याची खात्री होईपर्यंत तर हा संगणक कोणाच्याही ताब्यात देऊ नका. अपग्रेडच्या वेळी जुनी प्रणाली 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरमध्ये जपून ठेवली जाते, आणि १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधील सिस्टिम, त्यातील रिकव्हरी या भागातल्या 'गो बॅक' बटणाने विंडोज १० वर परतता येते. आपल्या फाइली तशाच राहतात. अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम मात्र जातात. फॉरमॅट केले की परतीची ही वाट बंद होते, आणि जागा मोकळी करण्यासाठी तो फोल्डर पुसला तरीही तेच होते.

असे असले तरी परत जाणे हा मी शेवटचा पर्याय मानतो. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून, त्यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असल्यास मुदतवाढीच्या योजनेत वेगळी नोंदणी करावी लागते. सभासदांचे तपशील ज्या संगणकावर आहेत, तो अशा दुरुस्त्यांविना इंटरनेटला जोडलेला ठेवणे योग्य नाही.

आधी प्रिंटर पाहू. सेटिंग्जमध्ये 'डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा' अशा अर्थाचा एक पर्याय असतो. तो चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटरच मुख्य ठरतो, आणि बिले कागदावर उतरण्याऐवजी पीडीएफ बनवणाऱ्या आभासी प्रिंटरकडे जाऊ शकतात. तो पर्याय बंद करून आपला प्रिंटर स्वतः निवडा. एवढ्याने भागले नाही, तर प्रिंटर यादीतून काढून टाका, त्याचा ड्रायव्हरही काढा, आणि त्याच मॉडेलचा विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेऊन पुन्हा बसवा. ड्रायव्हर म्हणजे प्रणाली आणि यंत्र यांच्यातील दुभाषा. प्रणाली बदलली तरी जुना दुभाषा तसाच राहिला, की अपग्रेडनंतरच्या बऱ्याच तक्रारी तेथूनच सुरू होतात.

मंदपणाबाबत थोडा धीर धरावा. अपग्रेडनंतर शोधाची अनुक्रमणिका नव्याने तयार होणे, राहिलेली अद्यतने उतरणे अशी कामे पडद्यामागे चालू असतात, म्हणून संगणक एक रात्र चालू ठेवून पाहा. त्यानंतरही संगणकाच्या कोणत्या भागावर किती ताण आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना सतत १०० टक्के दिसत असेल आणि आत जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवणे हाच खरा उपाय आहे. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅमची (कामापुरत्या स्मृतीची) अट असली, तरी रोजच्या कामासाठी मी ८ जीबीपेक्षा कमी सुचवणार नाही.

प्रश्न : दुरुस्तीनंतर माझ्या संगणकावर विंडोज ११ कोरी टाकून मिळाली. फाइली परत मिळाल्या, पण जुन्या मराठी फाइलींमध्ये अक्षरांऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. मंगल फॉन्टमधील मजकूर मात्र वाचता येतो, फक्त वेगळा दिसतो. माझे अनेक वर्षांचे लेखन बिघडले आहे का?
– एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव

उत्तर : नाही, आपले लेखन शाबूत आहे. युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी सर्वमान्य पद्धत) रुळण्यापूर्वीच्या श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर फाइलीत रोमन अक्षरांच्या संकेतांनीच साठवलेला असतो आणि त्या संकेतांवर देवनागरी आकार चढवण्याचे काम फॉन्ट करतो. कोऱ्या प्रणालीत तो फॉन्ट नसल्यामुळे मूळ संकेत उघडे पडले आहेत. फॉन्ट पुन्हा बसवला की मजकूर पूर्ववत दिसेल. मूळ प्रत हाताशी नसेल, तर 'विंडोज.ओल्ड'मधील 'विंडोज' आणि त्याच्या आतील 'फॉन्ट्स' या फोल्डरमध्ये ती मिळते का, हे आजच पाहा. काही दिवसांनी हा फोल्डर आपोआप पुसला जातो. फॉन्ट बसेपर्यंत जुन्या मराठी फाइलींना हात लावू नका, विशेषतः स्पेलिंग सुधारण्याच्या सूचना स्वीकारू नका, कारण एक रोमन अक्षर बदलले तरी मराठी अक्षर बदलते.

मंगलची गोष्ट निराळी आहे. तो युनिकोड फॉन्ट असल्याने मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्येही वाचता येतो. हल्लीच्या विंडोजमध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या ऐच्छिक संचात असतात. सेटिंग्जमधील 'ऑप्शनल फीचर्स'मधून तो संच घेतला की जुनी मांडणी परत येईल.

पुढे सवड काढून जुन्या फाइली परिवर्तकाच्या, म्हणजे जुने संकेत बदलून देणाऱ्या प्रोग्रामच्या, साह्याने युनिकोडमध्ये आणाव्यात, असा माझा आग्रह आहे. पुढच्या पिढीला हे लेखन वाचता यावे, यासाठी ते कष्ट घेण्याजोगे आहेत. परिवर्तनानंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. चुका बहुधा तेथेच राहतात. मूळ फाइली मात्र पुसू नयेत.

प्रश्न : अपग्रेड आणि बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अद्ययावत केल्यानंतर लॅपटॉप निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागतो आहे.
– एक विद्यार्थी, दहिसर

उत्तर : ही बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधील सोयीची, रिकव्हरी की आहे. डिस्क कूटबद्ध असताना बायोसमध्ये बदल झाला, तर प्रणाली खातरजमेसाठी ती मागते. दुसऱ्या उपकरणावरून मायक्रोसॉफ्ट खात्यात शिरून तेथे जपलेल्या किल्ल्या पाहा आणि पडद्यावरील 'की आयडी'शी जुळणारी घ्या. स्वतःच्या खात्यात ती नसेल, तर लॅपटॉप प्रथम सुरू करताना कोणाचे खाते वापरले होते ते आठवा. ते पालकांचे किंवा भावंडाचेही असू शकते. लॅपटॉप महाविद्यालयाने दिला असल्यास तेथील संगणक विभागाकडे विचारा. किल्लीविना कुलूप उघडून देतो असे सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका. किल्ली कोठेच नसेल, तर डिस्क पुसून प्रणाली नव्याने टाकावी लागते आणि आतील माहिती जाते. किल्ली मिळून लॅपटॉप सुरू झाला, की ती कागदावर उतरवून लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घरी ठेवा, आणि पुढच्या वेळी बायोस अद्ययावत करण्यापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करा.