हेन्सेल्ट, हात आणि ते यंत्र

मागे एकदा एकोणिसाव्या शतकातल्या अडॉल्फ फॉन हेन्सेल्ट या पियानोवादकाचं नाव काय घेतलं, तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतायत. एकदाच लिहून टाकतो.

प्र. हेन्सेल्ट रशियन ना?
नाही. जन्म १८१४, श्वाबाख, बव्हेरिया. १८३८ला सेंट पीटर्सबर्गला गेला आणि तिथेच रमला, एवढंच.

प्र. रशियन संगीतकार राखमानिनोव त्याच्याकडे शिकला म्हणतात.
म्हणतात! हेन्सेल्टचा शिष्य झ्वेरेव हा पियानोशिक्षक, झ्वेरेवकडे राखमानिनोव आणि दुसरा रशियन संगीतकार स्क्रियाबिन. गुरूचा गुरू म्हणा.

प्र. इतका मोठा वादक, मग मैफली का सोडल्या?
भीती. लोकांसमोर बसायचं म्हटलं की जीव जायचा. त्याचा एफ मायनर कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, १८४५मध्ये लाइपझिगला पहिल्यांदा वाजवला तो पियानोवादक क्लारा शूमानने. तिकडे हा राजघराण्यात आणि मुलींच्या सरकारी शाळांमध्ये शिकवण्यात बुडाला. तुमच्यापैकी कुणाच्या मुलीला परीक्षेआधी घाम फुटत असेल तर ओरडू नका, फारच झालं तर समुपदेशकाला दाखवा.

प्र. मुलगा ११ वर्षांचा. हेन्सेल्टसारखा पंजा पसरावा म्हणून बोटं ताणायचं यंत्र ऑनलाइन मागवलंय. रोज किती वेळ लावू?
शून्य मिनिटं. परत पाठवा. हेन्सेल्ट डाव्या हाताने सी-ई-जी-सी-एफ, म्हणजे आपलं सा-ग-प-सां-मं, एका झटक्यात धरायचा हे खरं, पण त्यामागे मोठ्या माणसाचे रोजचे कित्येक तास होते, आवाज दाबलेल्या पियानोवर, समोर बायबल उघडं, आणि तुम्हाला वाटतं हे डब्यातल्या स्प्रिंगने होईल? हा धंदा काही आजचा नाही. हेन्सेल्ट जन्मला त्याच वर्षी लोजिए नावाच्या दुसऱ्या जर्मनाने डब्लिनमध्ये कायरोप्लास्ट नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं, ते हाताची ठेवण बसवायला होतं, ताणायला नाही, पण खप जोरात. क्लाराचा नवरा, संगीतकार रॉबर्ट शूमान, यानेही बोटासाठी असलंच काहीतरी वापरलं, हात त्यानेच गेला का यावर आजही वाद आहे, पण वादक व्हायचं राहिलं ते राहिलंच. आणि तुमच्या पत्रात शेवटी हळूच लिहिलंय, 'मनगट थोडं दुखतं, महिना झाला'. महिना?! वाजवणं आज बंद, उद्या हाडांच्या डॉक्टरकडे. शिक्षकांना नंतर विचारा.

प्र. हेन्सेल्टच्या ऑपस २मधली (रचना क्रमांक २) 'मी पक्षी असतो तर' ही एट्यूड, म्हणजे सरावाची रचना, तीन महिन्यांत बसेल का?
एफ शार्प मेजर पट्टीतली आहे, सहा शार्प, म्हणजे सहा स्वर अर्ध्या सुराने चढे. तुमचा हात मी पाहिलेला नाही, ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा.