स्मरणिका परत करा

पत्र

ताई,

मी एका खासगी शाळेत चौदा वर्षं इतिहास शिकवते. सातवी ते दहावी. आठवड्याला एकोणतीस तास, त्यावर बदली तास, शिवाय वर्गशिक्षिका आहे. एम.ए. केलं तेव्हापासून पेशवाईतल्या जकातीवर काम करतेय. मोडी शिकले, पुण्याच्या पुराभिलेखागारात बसून एका परगण्याचे कागद उतरवून घेतले. दोन वर्षांपूर्वी एका संशोधन पत्रिकेला लेख पाठवला होता, तो शेऱ्यांसह परत आला. तीन संदर्भांना रुमाल क्रमांक (कागद ज्या कापडी गठ्ठ्यात बांधलेत त्याचा नंबर) नाहीत आणि 'छ ५ मोहरम, इहिदे सबैन मया व अलफ' अशी तारीख असलेल्या कागदाचं साल मी १७७० दिलंय ते १७७१ हवं, असं परीक्षकांचं म्हणणं. त्यानंतर वेळच झालेला नाही. संध्याकाळी पेपर तपासायचे, रात्री अकरापर्यंत पालकांचे मेसेज. यंदा शाळेचा सुवर्णमहोत्सव आहे, स्मरणिकेचं संपादन मीच मागून घेतलं, त्यामुळे मे महिनाही गेला म्हणायचा. घरचे म्हणतात, पुरे आता ते कागद. माझे जुने सर म्हणतात, नोकरी सोड आणि पूर्णवेळ संशोधन कर. मला शिकवायला मनापासून आवडतं. शाळा माणसाला पिळून काढते आणि संशोधन उरलेल्या वेळात होत नाही. दोन्हींपैकी काय सोडू?

एक इतिहास शिक्षिका

उत्तर

बाई,

शाळेविषयी तुम्ही जे लिहिलंय ते सगळं मला पटतं आणि त्यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. तास, बदली तास, पेपरचे गठ्ठे हे तुमच्या वाट्याला आलेलं काम आहे. ते करावंच लागतं. मी अडले ती स्मरणिकेपाशी. ती तुमच्यावर कुणी लादली नाही. तुम्ही मागून घेतलीत. अर्ध्या वाक्यात हे सांगून तुम्ही लगेच घरच्यांकडे वळलात, जणू ते महत्त्वाचं नव्हतंच. तुमच्या पत्रात महत्त्वाचं तेवढंच आहे.

मे महिना म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते. पुराभिलेखागार हे सरकारी कार्यालय. राज्य सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवार-रविवार ते बंद. शाळा शनिवारी असतेच. दिवाळीच्या सुट्टीतले बरेच दिवस तिकडेही सुट्टी. एखाद दिवसाची किरकोळ रजा काढून गेलं, तर मागणीचा अर्ज भरायचा, रुमाल यायची वाट बघायची, गाठ सोडून कागद चाळत बसायचं, आणि डोळ्यांना ते अक्षर सरावतं न सरावतं तोच कार्यालय बंद व्हायची वेळ. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला दप्तरात, म्हणजे तिथल्या जुन्या कागदांत, सलग बसायला वर्षातून एकदाच मिळतं, ते मे महिन्यात. आणि तो महिना तुम्ही आपल्या हाताने अध्यक्षांच्या मनोगताला आणि देणगीदारांच्या फोटोंना देऊन टाकलात.

का दिलात, हेही तुमच्याच पत्रात आहे. लेख परत आला, आणि "त्यानंतर वेळच झालेला नाही". स्मरणिका ठरलेल्या तारखेला छापून येते. आत तुमचं नाव असतं, व्यासपीठावर शाल-श्रीफळ मिळतं, आणि कुणीही त्यावर लाल शाईने 'हे साल तपासा' असं लिहून ती परत पाठवत नाही. शाळेचं काम कष्टाचं असतं, पण त्यात तुम्ही चुकीच्या ठरायची भीती नाही. चौदा वर्षांत तुम्ही त्यात पारंगत झालात. संशोधनात मात्र एका अनोळखी माणसाने तुमची चूक काढली. तेव्हापासून तुम्ही त्या कागदांकडे जायच्या वाटेवर एकेक काम आणून ठेवताय आणि मग वाट अडली म्हणताय. मला याचा राग येतो, कारण तुमचं काम चांगलं आहे. परगण्यापुरतं मर्यादित, मूळ कागदांवर उभं, मोडी स्वतः वाचून केलेलं. थळभरीत आणि थळमोड या जकातीच्या दोन प्रकारांतला फरक ज्यांना मूळ कागदावरून सांगता येतो अशी माणसं किती आहेत? त्यांतल्या एकीने मे महिन्यात जाहिरातींचे दर ठरवत बसावं?

आता तो शेरा बघू. ज्या परीक्षकाने शुहूर सनाचा, म्हणजे अरबी शब्दांत आकडे सांगणाऱ्या त्या जुन्या कालगणनेचा, हिशेब स्वतः करून पाहिला, त्याने तुमचा लेख मन लावून वाचलाय. नाकारायचा असता तर एवढी तसदी कुणी घेत नाही. इहिदे सबैन मया व अलफ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, अकराशे एकाहत्तर. त्यात ५९९ मिळवले की १७७० येतात, आणि तुम्ही तिथेच थांबलात. पण शुहूर सन मृगाला, पावसाळ्याच्या तोंडावर, बदलतो. ते साल १७७० च्या मृगापासून १७७१ च्या मृगापर्यंत चालतं, आणि एवढ्या अवधीत मोहरम महिना लागतो तो एप्रिल १७७१ मध्ये. परीक्षकाचं बरोबर आहे. जकातीच्या कागदात एका सालाचा फरक लहान नसतो, तेवढ्यात कमाविसदार, म्हणजे वसुली करणारा अधिकारी, बदललेला असू शकतो. म्हणून ते दुरुस्त व्हायलाच हवं. पण त्यासाठी पुराभिलेखागाराची पायरीसुद्धा चढायला नको होती. घरी बसून जुन्या तारखांची जंत्री उघडायची, पान काढायचं, आकडा खोडून दुसरा लिहायचा. पेपरांचा एक गठ्ठा तपासून होतो त्याच्या कितीतरी आधी हे झालं असतं. दोन वर्षं ते तसंच पडून आहे. इथे वेळेचा प्रश्न कुठे आला?

वेळ लागेल तो तीन रुमाल क्रमांकांना, आणि त्यासाठी मे महिना हवा. कागद उतरवताना क्रमांक टिपायचा राहून जातो, हे अनेकांचं होतं. तुमच्या वहीत त्या कागदांच्या मागचे-पुढचे कागद उतरवलेले असतील, त्यांवर क्रमांक असतील. तिथून शोध सुरू करा, म्हणजे सगळं दप्तर पालथं घालावं लागणार नाही. आणि एकदा तिथे बसलात की तीन क्रमांकांवर तुमचं भागणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. दुसरा लेख तिथेच सुरू होईल.

सरांच्या सल्ल्याविषयी. नोकरी सोडू नका. एक तर तुम्हाला शिकवायला आवडतं, आणि तुमच्या अख्ख्या पत्रात मनापासून आलेलं वाक्य तेच आहे. दुसरं, आज नोकरी सोडलीत तर स्मरणिकेच्या जागी दुसरं काहीतरी मागून घ्याल. एखाद्या नातेवाइकाचं लग्न, सोसायटीचं चिटणीसपद. मोकळा वेळ तुम्हाला आजही घाबरवतो, पूर्णवेळ मिळाला तर जास्तच घाबरवेल.

शाळेत शिकवता शिकवता दप्तरं वाचायची आपल्याकडे जुनी रीत आहे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत होते. तिथल्या पटवर्धन सरदारांच्या दप्तरातले कागद त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून १८९७ पासून छापायला घेतले आणि १९२४ मध्ये जाईपर्यंत ते काम हातचं सोडलं नाही. गो. स. सरदेसाई बडोद्यात सयाजीरावांच्या मुलांना शिकवत. त्या शिकवण्यासाठी काढलेल्या टिपणांतून 'रियासत' ही इतिहासग्रंथमाला उभी राहिली. यांना घरी मोकळा वेळ होता असं समजू नका. खरेशास्त्र्यांना एक सोय होती, दप्तर जवळ होतं. त्यांनी सगळ्या मराठेशाहीचे कागद गोळा करायचा ध्यास न घेता हाताशी असलेलं एक दप्तर धरलं. तुम्हीही एक परगणा धरलाय. तुम्हाला फक्त तिथे जाऊन बसायचंय.

तेव्हा काय सोडू, या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. स्मरणिका सोडा. सोमवारी मुख्याध्यापिकांकडे जा आणि म्हणा, "मॅडम, स्मरणिकेचं संपादन मी घेतलं होतं, पण मे महिन्यात मला पुण्यात दप्तराचं काम आहे. संपादन मला जमणार नाही. आत्ता सांगते म्हणजे तुम्हाला दुसरी व्यवस्था करायला वेळ मिळेल." एवढंच. 'संपादन नको पण मुद्रितं तपासून देईन' असं म्हणू नका. ज्याने मुद्रितं तपासायची कबूल केली त्याच्याकडे शेवटी सगळी स्मरणिका येते, हे तुम्हालाही माहीत आहे. सहकारी काय म्हणतील याचाही विचार करू नका. असल्या पुस्तकात आपलं नाव यावं म्हणून वाट पाहणारं कुणीतरी प्रत्येक शाळेत असतं, त्यांना आनंदच होईल.

संस्थाचालक नाराज होतील का? होतील, थोडेसे. तुम्ही कायम शिक्षिका आहात की नाही ते पत्रात नाही, पण चौदा वर्षं एका शाळेत टिकलेल्या शिक्षिकेला स्मरणिका नाकारली म्हणून कुणी घरी बसवत नाही. तुम्ही तास बुडवत नाही, निकाल पाडत नाही. सुट्टीतलं एक ऐच्छिक काम वेळेवर परत करताय. त्यांची नाराजी गॅदरिंगपर्यंतसुद्धा टिकणार नाही.

आणि संपादकांना आज रात्रीच दोन ओळी लिहा. शेरे मिळाले, उशीर झाला, सुधारलेला लेख जूनअखेर पाठवते. उशिराची कारणं देऊ नका, संपादकांना ती नको असतात. दोन वर्षांनी लेख चालेल का, हे विचारूही नका. विचारलंत की उत्तर येईपर्यंत थांबायला तुम्हाला सबब मिळते. तो लेख त्यांनी नाही घेतला तर दुसरी पत्रिका घेईल, क्रमांक आणि साल दोन्ही बरोबर असतील तर.

मुख्याध्यापिकांकडे मोठ्या सुट्टीत जाऊ नका. तेव्हा त्यांच्या खोलीत पालक बसलेले असतात आणि 'नंतर बोलू' म्हणून माघारी यायला तुम्हाला तेवढं निमित्त पुरेल. शाळा भरायच्या आधी जा, त्या हजेरीपटांवर सह्या करत असतात तेव्हा.