300 लग्नपत्रिका, सोनेरी गणपती आणि आत रंगीत फोटो: डिजिटल, ऑफसेट की स्क्रीन?

300 प्रतींसाठी ऑफसेट (धातूच्या प्लेटांवरून होणारी छपाई) नको. चार रंगांच्या चार प्लेटा आणि रंग जुळेपर्यंत वाया जाणारे कागद, हा खर्च 300 छापा की 3000, जवळपास तेवढाच. साधारण हजाराच्या पुढे तो परवडायला लागतो.

आतलं फोटोचं पान डिजिटलवर (प्लेटांशिवाय, फाईलमधून थेट) काढा. फोटो छापील आकारात 300 डीपीआय (इंचाला 300 ठिपके), चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेरची जास्तीची छपाई), फाईल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांच्या रंगांत). आरजीबीतला (कॉम्प्युटर-मोबाईलवर दिसणाऱ्या रंगांतला) भडक हिरवा किंवा केशरी छापल्यावर मळकट दिसतो. मशीनला दोष देऊन उपयोग नाही. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चारही रंगांचा काळा केला आणि रंग जरा सरकला, की वेलांट्या-मात्रांना रंगीत कडा येतात. मराठी फॉन्ट मात्र कोरल या डिझाईन सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह करूनच (अक्षरांचे आकार बनवूनच) द्या, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटतात.

सोनेरी रंग सीएमवायकेत होत नाही, पिवळट तपकिरी येतो. कव्हर मरून किंवा गडद असेल तर गणपती स्क्रीन प्रिंटिंगने (जाळीतून शाई दाबून) सोनेरी शाईत घ्या, झगमग हवी तर फॉइल (दाबून चिकटवलेला चकचकीत सोनेरी थर). मराठवाड्यात बरीच लग्नं एप्रिल-मेमध्ये, आणि त्या कोरड्या उन्हाळ्यात शाई जाळीतच वाळून बारीक रेषा तुटतात. शाईत रिटार्डर (शाई हळू वाळू देणारं द्रव्य) घाला, छपाई सकाळी उरका आणि रेषा अर्ध्या मिमीपेक्षा बारीक ठेवू नका.

डिजिटल पानाला घडीआधी क्रीझ (घडीच्या जागी दाबून काढलेली खाच) मारायला सांगा. तसंच दुमडलं तर घडीवर टोनर (डिजिटल मशीनची शाईची पूड) तडकून पांढरी रेघ दिसते.